गेरूचं कडं

पंचवटीत हारवाले काही कमी नाहीत. पण आक्काबाईंचं घर विचारताना हारवाल्या आक्का असं कुणी म्हणत नसे. गेरूवाल्या आक्का म्हटलं की गल्लीच्या तोंडाशी बसलेला रिक्षावालासुद्धा बरोबर दार दाखवायचा. हारांवर घर चाललं, नाव मात्र गेरूने झालं, आणि दोन्हींत आक्काबाईंना नावाचीच चव जास्त होती. तोंडाने त्या तसं कधी कबूल करायच्या नाहीत. "माझं काय हाय त्यात? सासूनं हातात दिलं, मी पुढं चालवलं," एवढंच म्हणायच्या, आणि म्हणताना पदर उगाच सारखा करायच्या.

अंगावर पाण्याने भरलेले फोड उठले, ते फुटून चिघळले, की गल्लीत त्याला नागीण म्हणत. खरी नागीण कोणती आणि नुसता चिघळलेला फोड कोणता, हे बघायच्या भानगडीत कुणी पडत नसे. ओलं दिसलं की नागीण. मग तिचं तोंड शेपटीला भिडायच्या आत तिच्याभोवती गेरूचं कडं घालायचं, की ती पुढे सरकत नाही. रविवारी आणि मंगळवारी सकाळी आक्काबाई ओट्यावर सहाण घेऊन बसायच्या, गेरूचा खडा पाण्यात उगाळायच्या आणि मोरपिसाच्या टोकाने तो लाल लेप फोडावर आणि फोडाभोवती फिरवायच्या. पीस एकच, सासूच्या वेळेपासून जपलेलं. नियमही सासूचेच. नागिणीला बोट लावायचं नाही, लावायचं ते पिसाने. खपली पडेपर्यंत पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. आणि कुणाकडून काही घ्यायचं नाही, नाहीतर हाताचा गुण जातो.

बहुतेक पोरांचं आपोआप बरं व्हायचं आणि श्रेय पिसाला मिळायचं. ज्याचं बरं व्हायचं नाही त्याला आईबाप गुपचूप दवाखान्यात न्यायचे, आणि ते सांगायला ओट्यावर परत कोण येणार? त्यामुळे आक्काबाईंच्या हाताला अपयश असं ठाऊकच नव्हतं.

नवरात्र तोंडावर आलं होतं. घरात झेंडूचे ढीग, दोऱ्याची रिळं, पाण्याच्या बादल्या, आणि बादल्यांमुळे डास. आक्काबाईंची नात जुई, चार वर्षांची, त्या ढिगांत लोळायची आणि रात्री पाय खाजवत झोपायची. तिच्या डाव्या नडगीवर एक फोड उठला, फुटला, आणि शेजारी आणखी दोन आले.

पहिल्यांदा बघितलं ते तिच्या आईने. भाग्यश्री नांदगावची, बारावी झालेली, बोलायला मऊ. रविवारी सकाळी ओट्यावर गल्लीतल्या बायका पोरं घेऊन बसल्या होत्या, तेवढ्यात ती जुईला कडेवर घेऊन बाहेर आली.

"आई, हे बघा ना. फोडाच्या कडेला मधासारखं पिवळं पिवळं जमतंय. आणि दोन ठिकाणी पसरलंय. मी साबणाने धुते आणि दवाखान्यात दाखवून आणते."

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण बायका ऐकत होत्या. शेजारची मोहिनी ऐकत होती, पलीकडच्या घरातली हाजरा ऐकत होती, आणि गेरूवाल्या आक्कांची नात दवाखान्यात नेताहेत हे उद्या अख्ख्या गल्लीने ऐकलं असतं. आक्काबाईंनी सहाणेवरून मान वर केली.

"बघा गं बायांनो," त्या हसून म्हणाल्या, "आख्ख्या पंचवटीची लेकरं ह्या हाताखालनं गेली, आन् आमच्या सूनबाई आमच्याच नातीला डाक्टरकडं नेत्यात! बारावीत नागिणीचा धडा होता काय गं?"

बायका खळखळून हसल्या. भाग्यश्रीही कसनुसं हसली, कारण दुसरं काय करणार? तिच्या हातात पाण्याचा मग होता. आक्काबाईंनी तो काढून घेतला, बाजूला ठेवला आणि जुईचा पाय मांडीवर ओढून त्यावर पीस फिरवलं. नंतर तेच पीस वाटीत बुडवून हाजराच्या अबरारच्या हनुवटीला लावलं आणि मोहिनीच्या लेकीच्या मानेला. अबरारला हनुवटीवर नुसतं खरचटलं होतं. पण आलाच आहेस तर घे, म्हणून त्यालाही.

मंगळवारी कडं मोठं करावं लागलं, कारण फोड कड्याबाहेर आले होते. आक्काबाईंनी जुन्या लेपावर नवा लेप चढवला. जुई पाय ओढून घ्यायला लागली, रडायला लागली.

"आई, पायाला हात लावू देत नाहीये ही," भाग्यश्री हळूच म्हणाली. या खेपेला बाहेर नाही, स्वयंपाकघरात, कुणी नसताना. "एकदा गेरू धुऊन बघू का? खाली काय चाललंय ते कळेल तरी."

"नागीण बाहेर पडतीय, म्हणून ठणकतंय. पाणी लावलंस तर आत जाईल. मग मला इचारू नको."

घटस्थापना झाली, हारांच्या मागण्या डोक्यावर बसल्या. ललित, म्हणजे आक्काबाईंचा मुलगा, पहाटे बाजारातून फुलं आणायचा आणि दिवसभर रिक्षा चालवायचा. सासूसुना मान खाली घालून ओवत बसायच्या. जुई आता फुलांच्या ढिगात लोळत नव्हती. एका जागी बसून असायची. आक्काबाईंना ते दिसत होतं. खोटं कशाला बोलायचं, दिसत होतं. पण दिसलं म्हटलं तर त्या रविवारचं हसणं गिळावं लागलं असतं, आणि ते त्यांच्या घशाखाली उतरेना. त्यांनी आणखी गेरू उगाळला. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय लालभडक रंगला. कुठपर्यंत गेरू आणि कुठून कातडी, हे कुणालाच सांगता आलं नसतं.

मग एका सकाळी जुई उठलीच नाही. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे अर्धवट, पाऊल सुजून गोळा. भाग्यश्रीने सासूकडे बघितलंही नाही. तिने पोरीला उचललं आणि ललितला म्हणाली, "रिक्षा काढा." आक्काबाई चपला न घालताच मागून बसल्या.

सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या खोलीत एक तरुण डॉक्टरीण होती. तिने पाय बघितला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आधी हे सगळं धुवा," ती नर्सला म्हणाली.

नर्स कोमट पाण्याने, साबणाने, हलक्या हाताने धुऊ लागली. लाल पाणी तसराळ्यात पडत राहिलं. पडता पडता गढूळ झालं, मग फिकट, मग स्वच्छ. पाणी स्वच्छ झालं, पण पाय लालच राहिला. गेरू सगळा उतरला होता आणि खाली तसाच लाल, तुकतुकीत, ताणलेला पाय होता. फोडांच्या जागी पिवळ्या चिकट खपल्या, आणि त्यांच्याभोवती ती लाली घोट्यापासून गुडघ्याच्या वर चढलेली.

आठवडाभर आक्काबाई लालावर लाल चढवत होत्या.

"कुणी लावलं हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आता बोलायचं होतं. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, की मी. आक्काबाईंनी तोंड उघडलंही. पण शब्द आलाच नाही. खोलीत आणखी आयाबाया होत्या, त्यांतली एक तर पंचवटीतलीच वाटत होती.

"आम्हीच लावलं," भाग्यश्री म्हणाली.

"तुम्ही आई ना हिच्या?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "शिकलेल्या दिसता. हे नागीण वगैरे काही नाही. डास चावला, नखाने खाजवलं, त्यातून जंतू शिरले. हे मधासारखं सुकलेलं दिसतं ना, ती त्याची खूण. तेव्हाच साबणाने धुऊन मलम लावलं असतं तर तिथेच मिटलं असतं. आता ते कातडीखाली पसरलंय. पोरगी पाय टेकत नव्हती, अंग गरम होतं, ते दिसलं नाही? एकदा धुऊन खाली बघावं असं वाटलं नाही तुम्हाला?"

भाग्यश्री मान खाली घालून ऐकत होती. मधासारखं हा तिचाच शब्द होता. धुऊन बघू का, हेही तिचंच वाक्य. आणि आक्काबाई भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुनेला ते सगळं ऐकू दिलं. गल्लीत ज्या बाईच्या आवाजाने भाजीवाले दचकायचे, तिचा आवाज त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे.

"घरात किंवा शेजारी आणखी कुणाला असं झालंय का? हे हाताने, टॉवेलने, एकाची वस्तू दुसऱ्याला लावल्याने पसरतं."

"नाही मॅडम," ललित म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? आक्काबाईंना माहीत होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर वाटी आली, वाटीतलं पीस आलं, अबरारची हनुवटी आली. दुसऱ्यांदा त्या गप्प बसल्या.

जुईच्या हाताला सलाईन लागलं, त्यातून औषध सुरू झालं. रडून रडून पोरगी थकून निजली. डॉक्टरीणबाईंनी खिशातलं पेन काढलं आणि गुडघ्याच्या वर, जिथे लाली संपत होती तिथे, मांडीभोवती निळी रेघ ओढली. पूर्ण गोल.

"हे कशाला?" आक्काबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"लाली पुढे जातेय की मागे येतेय ते कळायला, आजी. रेघेच्या बाहेर गेली तर लगेच सिस्टरला सांगायचं. रेघेने थांबत नाही काही. थांबलं तर औषधाने थांबेल." मग त्यांचा चेहरा बघून ती जरा नरमली. "इकडे या. हात उलटा करा. हं, असा, बोटांची मागची बाजू. आता इथे ठेवा, आणि मग दुसऱ्या पायावर. सावळ्या अंगावर लाली कधीकधी नीट दिसत नाही, पण हाताला गरम लागतंच."

आक्काबाईंनी हात ठेवला. डावा पाय चुलीजवळच्या भांड्यासारखा गरम होता, उजवा गार. एवढी सोपी गोष्ट. कुठल्याही आईला कळली असती, भाग्यश्रीला कळली होती. आणि ज्या हाताच्या गुणाचं अख्ख्या पंचवटीत नाव, त्या हाताने इतक्या वर्षांत एकाही पोराच्या फोडाजवळ कधी स्पर्श केला नव्हता. नागिणीला बोट लावायचं नाही, हा नियम पाळला होता ना!

संध्याकाळी लाली रेघेच्या बोटभर पुढे गेली. भाग्यश्रीने धावत जाऊन नर्सला बोलावलं, डॉक्टरीणबाई आल्या, औषध बदललं, आणि पेनाने वर दुसरी रेघ ओढली. "ही ओलांडली तर अवघड होईल," त्या ललितला बाजूला घेऊन म्हणाल्या. बाजूला घेतलं तरी ऐकू आलंच. आक्काबाई खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसल्या आणि त्या निळ्या रेघेकडे बघत राहिल्या. देवाचं नाव घ्यायलाही त्यांना तोंड नव्हतं. कुठल्या तोंडाने मागायचं?

"आई, तुम्ही काही खाल्लं नाहीत," भाग्यश्रीने डबा पुढे केला.

ते ऐकून आक्काबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेने चार शब्द सुनावले असते तर बरं होतं.

"तू का नाय सांगितलंस तिला?" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "सासूनं लावलं म्हणून?"

"सांगून काय होणार होतं? आधी जुईचं बघायचं होतं." भाग्यश्रीने पोरीच्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आणि त्या बोलल्या ते खोटं नाही. आई मी आहे. तुम्ही पाण्याचा मग काढून घेतलात तेव्हा मी तो परत घ्यायला हवा होता. मला दिसत होतं, आई. सगळ्या हसल्या म्हणून मी गप्प बसले."

आक्काबाईंनी डबा तसाच बंद केला. म्हणजे ही पोर ते बोलणं खरंच स्वतःचं समजून बसली होती. उद्या जुईला काही झालं असतं तर जन्मभर हिने ते आपल्याच माथ्यावर घेतलं असतं, आणि सासू गेरूवाल्या आक्का म्हणून मिरवत राहिली असती. आपल्याला स्वतःची एवढी किळस येऊ शकते हे आक्काबाईंना तोवर माहीत नव्हतं.

सकाळी ताप उतरला. लाली दुसऱ्या रेघेपर्यंत पोहोचलीच नाही. पहिल्या रेघेच्या आत, खाली सरकलेली. जुईने डोळे उघडले आणि दूध मागितलं. भाग्यश्री तोंडात पदर कोंबून रडली. ललितने भिंतीकडे तोंड केलं.

"मला घरी सोड," आक्काबाई त्याला म्हणाल्या. "जुईचे कपडे आणते. आन् रिक्षा दारातच उभी ठेव, लगेच यायचंय."

ओट्यावर बायका बसलेल्याच होत्या. रविवार होता. नात आजारी आहे एवढंच त्यांना कळलं होतं, कशाने ते माहीत नव्हतं. आक्काबाई रिक्षातून उतरल्या तशी मोहिनी उठली.

"आक्का, कशी हाय जुई? बरं झालं आल्यात. हिच्या मानेवर लय पसरलंय बघा. जरा पीस फिरवा."

तिच्या लेकीच्या मानेवर, गेरूच्या कडेने, पिवळ्या खपल्या चकाकत होत्या. हाजराच्या कडेवर अबरार होता. त्याच्या हनुवटीवर नुसतं खरचटलं होतं ना? तिथून ओठापर्यंत आणि नाकाखाली ते मधासारखं पसरलं होतं. आक्काबाईंना आता ते लांबूनसुद्धा ओळखू येत होतं. गेल्या रविवारी सुनेने तेच दाखवलं होतं, आणि त्यांनी काय केलं होतं!

"गेरू नाय लावायचा," त्या म्हणाल्या. "ही नागीण नाय. जुईला बी नव्हती. भाग्यश्री सांगत हुती, मी तिला हसले, तुम्हाला बी हसवलं. पोरगी मरता मरता वाचली."

मोहिनीने लेकीच्या मानेकडे बघितलं.

"आन् अबरारला काय बी झालं नव्हतं, हाजरा. जुईच्या पायाला लावलेलं पीस मी तसंच त्याला लावलं. माझ्या हातानं झालंय हे त्याला. मोहिनी, तुझ्या पोरीचं बी माझ्या पिसानं वाढलं."

अबरारला आक्कांची सवय होती. तो नेहमीसारखा हात पसरून त्यांच्याकडे झेपावला. हाजराने त्याला चटकन मागे ओढलं आणि छातीशी घट्ट धरलं. मग तिलाच अवघडल्यासारखं झालं. "आक्का, मैं वैसा नहीं..." ती म्हणू लागली.

"बरोबर केलंस," आक्काबाई म्हणाल्या. त्यांचे हात पुढे आलेले होते, ते त्यांनी मागे घेतले. "धर त्याला. चला, रिक्षात बसा. डाक्टरीणबाई चांगली हाय."

मोहिनी मात्र पेटली. "आन् हे आत्ता सांगताय? काल सांगायला काय झालं हुतं?"

आक्काबाई ओट्यावरून सहाण, वाटी आणि पीस घेऊन आत गेल्या, जुईचे कपडे पिशवीत भरले आणि बाहेर आल्या. पिसाचं काय केलं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रिक्षात मोहिनी लेकीला मांडीवर घेऊन तोंड फिरवून बसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पोरं तपासली. ताप नव्हता, लाली पसरलेली नव्हती. वेळेवर आणलंत, म्हणाल्या. मलम, प्यायचं औषध, दिवसातून दोनदा साबणाने धुणं, नखं कापणं, टॉवेल वेगळा, असं सगळं समजावून सांगितलं. मग त्यांना मोहिनीच्या लेकीच्या मानेवरचा गेरू दिसला.

"यांनाही? आता हे कुणी लावलं?"

जुईच्या खाटेशेजारून भाग्यश्री वळून बघत होती. आजही खोलीत आयाबाया होत्या. आणि पंचवटीतली ती बाई होतीच.

"मी," आक्काबाई म्हणाल्या. "जुईला बी मीच लावला. हिची आई पहिल्या दिवसापासून सांगत हुती, मध दिसतोय म्हणून, धुऊ द्या म्हणून. मी धुऊ दिलं नाय. काल तुम्ही तिला जे बोललात ते माझं हुतं, बाई. मी गप उभी राहिले आन् तिला ऐकू दिलं. आता ते मला बोला."

डॉक्टरीणबाईंनी भाग्यश्रीकडे बघितलं, आणि त्यांचाही चेहरा उतरला. खाटेजवळ गेल्या आणि भाग्यश्रीच्या खांद्यावर हात ठेवला. "माझं चुकलं," म्हणाल्या. "तुम्ही बरोबर ओळखलं होतंत."

भाग्यश्रीने मान हलवली, पण डोळे भरून आले. आक्काबाई तिथेच उभ्या होत्या. परक्या मुलीला माफी मागायला एक क्षण लागला, आणि त्यांना एका घरात राहून एवढे दिवस लागले होते. अजूनही सुनेपुढे तो शब्द त्यांच्या तोंडून निघत नव्हता. त्या नुसत्याच तिच्याकडे बघत होत्या.

"आई," भाग्यश्री म्हणाली, "मी हिची वाटी धुऊन आणते. जरा घ्या हिला."

जुईने हात पसरले. आक्काबाई पुढे झाल्या आणि थबकल्या. नखांच्या कडांना अजून गेरू होता. त्या कोपऱ्यातल्या नळाकडे गेल्या, साबण घेतला, आणि हात धुऊ लागल्या. एकदा धुतले, बघितले, पुन्हा धुतले. जुई तिकडून हाका मारत होती.

"आले गं," त्या म्हणाल्या, आणि आणखी एकदा साबण लावला.